आधी हात, मग प्रश्न



दरवर्षी मे महिन्यात आमच्या धर्मग्रामात मुलांचा दहा दिवसांचा उन्हाळी धर्मशिक्षण वर्ग असतो. सकाळी प्रार्थना, बायबलमधल्या गोष्टी, गाणी, प्रश्नोत्तरी आणि शेवटी सरबत असा त्याचा ठरलेला बेत. वर्गाच्या अखेरीस मुलांना कुठेतरी नेण्याचीही पद्धत आहे. या सहली बहुतेक वेळा गोकाकचा धबधबा किंवा हिडकलचे धरण इथेच जायच्या. दोन्ही ठिकाणे मुलांची पाहून झालेली. म्हणून त्या वर्षी आम्ही ठरवले की आपली नदी जिथे जन्मते तिथे जायचे. सकाळी आंबोलीला हिरण्यकेशीचा उगम पाहायचा, जंगलातून पायी चालायचे आणि परतताना आजऱ्याजवळ रामतीर्थाला मुलांना पाण्यात खेळू द्यायचे.

यामागे धर्मशिक्षणाचाही एक हेतू होता. वर्गात यहेज्केल संदेष्ट्याचा सत्तेचाळिसावा अध्याय शिकवून झाला होता. मंदिराच्या उंबरठ्याखालून पाण्याचा एक झरा निघतो आणि पूर्वेकडे वाहू लागतो. हातात मापाची दोरी घेतलेला एक पुरुष संदेष्ट्याला त्या पाण्यातून नेतो. एक हजार हात अंतर मोजल्यावर पाणी घोट्यापर्यंत येते. आणखी हजार हातांवर गुडघ्यापर्यंत, आणखी हजारांवर कमरेपर्यंत. त्यापुढच्या हजारावर मात्र पाणी इतके वाढते की पोहल्याशिवाय पार होता येत नाही. आम्हाला वाटले, हा अध्याय मुलांना फळ्यावर शिकवण्यापेक्षा नदीवरच दाखवावा. हिरण्यकेशीही एका देवळाजवळच्या गुहेतून निघते आणि पूर्वेकडेच वाहते.

शनिवारी पहाटे सहाला मिनीबस निघाली. 22 मुले आणि आम्ही पाच मोठी माणसे. त्यात धर्मग्रामाच्या प्रत्येक कार्यक्रमाला स्वयंपाक सांभाळणाऱ्या मावशीही होत्या. सोबत चपात्या, बटाट्याची भाजी, संकेश्वरी मिरचीची लालभडक चटणी आणि पोतंभर चिरमुरे. संकेश्वर-बांदा रस्त्याला लागले की थोड्याच वेळात कर्नाटक संपून महाराष्ट्र सुरू होतो. पाट्यांची लिपी बदलली की मुले ओरडतात. शाळेत कन्नड, घरी मराठी आणि काहींच्या घरी आजीशी कोकणी, अशी आमची मुले. एकाने विचारले, "टीचर, नदीला कुठली भाषा येते?" बस हसली. गडहिंग्लज गेले, आजरा गेले. घनसाळ भाताची खाचरे उन्हात रिकामी पडली होती. नंतर काजूच्या बागा, आणि त्यापुढे दाट झाडी. आंबोलीला पोहोचलो तेव्हा मे महिना असूनही हवेत गारवा होता.

आंबोली सुमारे 690 मीटर उंचीवर आहे आणि तिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आमच्या संकेश्वरात त्याचा छोटासा हिस्साही पडत नाही. पण आंबोली आणि आजऱ्यावर जे कोसळते ते शेवटी आमच्याच पुलाखालून जाते. आमच्याकडे ऊन पडलेले असतानाही नदी चढते ती म्हणूनच. मोठ्यांना हे ठाऊक असते. मुलांना मात्र त्या दिवशी ते पहिल्यांदा कळले.

गाडी मागे ठेवून उरलेली वाट आम्ही चालत गेलो. करवंदे पिकली होती. मुलांचे हात आणि ओठ जांभळे झाले. तासाभराने आम्ही देवळापाशी पोहोचलो. आत पूजा चालू होती. मुलांना आम्ही आधीच सांगून ठेवले होते की हे दुसऱ्यांचे प्रार्थनास्थळ आहे, आपण पाहुणे आहोत, चपला बाहेर आणि आवाज खाली. मुले शहाण्यासारखी वागली. गुहेतून येणारे पाणी कुंडात उतरते, आणि त्या कुंडात एक छोटा मासा राहतो. 2020 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची नवी प्रजाती म्हणून नोंद केली आणि नदीवरूनच त्याला 'शिस्टुरा हिरण्यकेशी' हे नाव दिले. पुढच्या वर्षी महाराष्ट्र शासनाने ही जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. म्हणून कुंडात कोणी उतरायचे नाही असे आम्ही मुलांना बजावले. बोटभर लांबीच्या माशासाठी सरकारने एवढी जागा राखून ठेवली याचे मुलांना फार नवल वाटले. चिमण्या कितीही स्वस्त असल्या तरी पित्याला त्यांची आठवण असते, ही येशूची शिकवण त्या कुंडाकाठी वेगळी समजावून सांगावी लागली नाही.

कुंडाच्या पुढे पाणी ओढ्यासारखे वाहू लागते. तिथे एका पसरट जागी मुलांनी पाय बुडवले. पाणी घोट्याएवढेच होते. "ही आपली नदी?" एक मुलगा म्हणाला. "एवढीशी?"

तेव्हाच आमच्या लक्षात आले की एक मुलगी मागे उभी आहे. तिचे नाव इथे लिहीत नाही. नुकतीच सहावीची परीक्षा दिलेली, अभ्यासात हुशार, प्रश्नोत्तरीत पहिली येणारी. ती पाण्याकडे टक लावून पाहत होती, पण पाय पुढे टाकत नव्हती. आम्ही फारसे मनावर घेतले नाही. चपला भिजतील म्हणून थांबली असेल असे वाटले.

जेवण करून आम्ही परत निघालो आणि तीनच्या सुमारास रामतीर्थाला पोहोचलो. हिरण्यकेशी इथे काळ्या खडकांवरून उतरते. प्रभू रामचंद्र वनवासात इथे राहिले अशी इथल्या लोकांची श्रद्धा आहे. पावसाळ्यात इथला धबधबा पाहायला गर्दी होते. उन्हाळ्यात पाणी कमी असले तरी नदी कोरडी पडत नाही. चित्री धरणातून शेतीसाठी सोडलेले पाणी याच पात्रातून खाली जाते. खडकांमध्ये खोल डोह आहेत. त्यामुळे धबधब्याच्या बाजूला फिरकायचेही नाही असे ठरले होते. ओळखीच्या एका मामांनी वरच्या अंगाचा उथळ, संथ पट्टा दाखवला. "पोरांना ह्या दगडाच्या पुढं सोडू नका," असे त्यांनी दोनदा सांगितले. आम्ही दोन टोकांना दोर बांधला, टायरच्या दोन ट्यूब पाण्यात सोडल्या. आमच्यातले दोघे लहानपणी पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले, ते दोराजवळ उभे राहिले. सगळी काळजी घेतली आहे असे आम्हाला वाटत होते.

मुले पाण्यात शिरली. पहिल्यांदा घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग मोठी मुले कमरेपर्यंत. आमच्यापैकी कोणीतरी यहेज्केलची आठवण करून दिली आणि मुले ओरडून मोजू लागली. ती मुलगी मात्र काठावरच्या एका खडकावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

आम्ही तिला बोलावले. ती म्हणाली, "मी नाही येत टीचर. मी बसतो इथं." आमच्या भागात मुलीही असेच बोलतात. आम्ही पुन्हा बोलावले. इतर मुले हसायला लागली. तेव्हा तिला धीर द्यावा म्हणून आम्ही म्हणालो, "अगं, पेत्र तर पाण्यावरून चालला. येशूवर विश्वास असला की भीती वाटत नाही. विश्वास ठेव आणि उतर."

हे वाक्य नेमके कोणाच्या तोंडून निघाले ते सांगण्यात अर्थ नाही. आम्ही सगळेच ते म्हणण्याच्या बेतात होतो.

तिने मान वर केली. ती रडत नव्हती. ती म्हणाली, "टीचर, त्या रात्री आमची आई पण प्रार्थना करालती. पाणी आलंच की."

आम्ही गप्प झालो.

ती कोणत्या रात्रीविषयी बोलत होती हे संकेश्वरात कोणाला सांगावे लागत नाही. ऑगस्ट 2019. आंबोली-आजऱ्याकडचा पाऊस थांबत नव्हता आणि हिरण्यकेशी नदीकाठच्या गल्ल्यांत शिरली होती. तिकडे निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचे पाणी हायवेवर आले आणि पुणे-बंगळूर रस्ता बंद पडला. ती तेव्हा दुसरीत होती. बापाने तिला खांद्यावर घेऊन अंधारात पाण्यातून बाहेर काढले. घरातले धान्य, कपडे, वह्या, सगळे गेले. दोन वर्षांनी, 2021 च्या जुलैमध्ये, नदी पुन्हा आली. तेव्हा त्यांनी ते घरच सोडले. हे सगळे आम्हाला माहीत होते. पुराच्या वेळी आम्हीच चर्चमधून तांदूळ आणि चादरी घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. चादर दिल्याचे आम्हाला आठवत होते. सात वर्षांच्या मुलीने त्या रात्री काय पाहिले असेल, हा विचार मात्र आमच्या मनात कधी आला नव्हता. सकाळी घोटाभर पाण्यापाशी ती का थबकली ते आता कळले. बाकीच्यांना ती 'एवढीशी' वाटली. तिला मात्र ती कुठवर चढते ते ठाऊक होते.

तिला काय उत्तर द्यावे ते आम्हाला सुचेना. मावशी उठल्या. त्यांनी एक शब्दही न बोलता ओंजळभर चिरमुरे घेतले, तिच्या शेजारी खडकावर बसल्या आणि चिरमुरे दोघींच्या मध्ये ठेवले. आम्ही पाण्याकडे वळलो. खरे सांगायचे तर तिच्या नजरेपासून सुटका झाली म्हणून वळलो.

दहा-पंधरा मिनिटे गेली असतील. मागून तिचा आवाज आला. "टीचर! वीसच हायत!"

पहिल्यांदा काहीच कळले नाही. ती उभी राहिली होती आणि बोटाने मोजत होती. "एकवीस पाहिजेत. वीसच दिसालेत. त्या दगडाकडं बघा!"

आमच्यातले एक जण दोराच्या पलीकडे धावले. मामांनी ज्या दगडाच्या पुढे जाऊ नका म्हणून सांगितले होते त्याच्याच आडोशाला एक मुलगा होता. ट्यूब वाहत गेली म्हणून तो दोराखालून तिच्यामागे गेला होता. तिथे तळ एकदम खाली जात होता. त्याच्या पायाखालचा आधार सुटला होता. एका हाताने त्याने दगडाची कपार धरली होती. तोंडात पाणी गेल्याने त्याला ओरडताही येत नव्हते. त्याला दंडाला धरून बाहेर ओढले. थोडे पाणी ओकला, खोकला, आणि मग मोठ्याने रडायला लागला. ते रडणे ऐकून आमच्या जिवात जीव आला.

प्रभूची कृपा, की याहून जास्त काही घडले नाही. पण किती थोडक्यात वाचलो ते आम्हाला ठाऊक आहे. पाच मोठी माणसे, एक दोर, दोन पोहणारे, आणि तरीही तो आडोशाला गेला हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आले नाही. लक्षात आले ते पाण्याला भिणाऱ्या मुलीच्या. आम्ही ज्याला विश्वासाची कमतरता म्हटले, त्याच भीतीमुळे ती काठावर बसून सारखी डोकी मोजत होती. मावशींनी नंतर सांगितले, की बसल्यापासून तिचे तेच चालले होते. चिरमुऱ्यांना तिने हातही लावला नव्हता.

मुलांना बाहेर काढून, अंग पुसून, आम्ही सगळे देवळाच्या बाजूच्या झाडाखाली बसलो. आभाराची प्रार्थना केली. मग आम्ही त्या मुलीची सगळ्यांसमोर माफी मागितली. मोठ्या माणसांनी लहान मुलीची माफी मागणे आपल्याकडे रूढ नाही. मुले एकमेकांकडे पाहू लागली. तिने नुसती मान हलवली आणि म्हणाली, "परत मोजू काय?" तिने सगळ्यांना एकदा मोजले. बावीस भरले. तिने स्वतःलाही धरले होते.

संध्याकाळी साडेसातला चर्चसमोर पालक वाट पाहत उभे होते. जे घडले ते आम्ही सगळे सांगितले. बसमध्ये थोडा मोह झाला होता, की मुलगा ठीक आहे, मग कशाला घरच्यांना घाबरवायचे. पण सांगितले. त्या मुलाचे वडील रागावले. "तुमच्या भरवशावर पाठवलं होतं," म्हणाले. त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते आणि असूही नये. पुढच्या रविवारी मिस्सानंतर ते स्वतःहून येऊन भेटले, पण त्या संध्याकाळचा त्यांचा राग खरा होता. आता आमच्या वर्गाची कोणतीही सहल निघाली तर दर चार मुलांमागे एक मोठा माणूस असतो. एक जण पाण्यात न उतरता फक्त मोजायचे काम करतो आणि दर पाच मिनिटांनी मोठ्याने आकडा सांगतो.

वाचकहो, त्या रात्री आम्ही मत्तयाच्या शुभवर्तमानातला चौदावा अध्याय पुन्हा काढून वाचला. इतकी वर्षे आम्ही तो शिकवत आलो आहोत. पेत्र बुडू लागतो आणि येशू त्याला अल्पविश्वासी म्हणतो, हेच आमच्या लक्षात राहिले होते. मधले एक वाक्य आम्ही नेहमी घाईने वाचत होतो. पेत्र ओरडल्याबरोबर येशूने पहिल्यांदा हात पुढे केला आणि त्याला धरले. संशय का धरलास हा प्रश्न नंतर आला, आणि तो पेत्राचा हात घट्ट धरलेला असताना आला. आमचा क्रम उलटा होता. आम्ही काठावर सुरक्षित उभे राहून प्रश्न आधी विचारला. हात पुढे केलाच नाही. हात मावशींनी केला, तोही मुक्याने, चिरमुऱ्यांच्या ओंजळीतून.

आणखी एक गोष्ट. पेत्र मासेमारी करणारा होता. गालील सरोवर किती लवकर खवळते ते त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत होते. त्याची भीती अडाण्याची नव्हती, जाणत्याची होती. आमच्या मुलीचीही तशीच. असल्या भीतीला धर्मात जागा नाही असे आम्हाला का वाटावे? पास्काच्या रात्री स्नानसंस्काराचे पाणी आशीर्वादित करताना धर्मगुरू जलप्रलयाची आठवण करतात, तांबड्या समुद्राची करतात आणि यार्देनचीही करतात. बुडवणारे पाणी आणि तारणारे पाणी, दोन्हींची नावे ख्रिस्तसभा एकाच प्रार्थनेत घेते. संत पौल तर रोमकरांना लिहितात, की ख्रिस्तात आपला स्नानसंस्कार झाला तो त्याच्या मरणात झाला. पाण्याची भीती ज्याला माहीत नाही त्याला स्नानसंस्काराचे मोलही पुरते कळत नसावे.

आणि यहेज्केल? तो अध्याय मुलांना दाखवायला आम्ही नदीवर गेलो होतो. आम्हालाच तो नीट कळला नव्हता. त्या पुरुषाच्या हातात मापाची दोरी आहे. तो आधी मोजतो, मग संदेष्ट्याला पाण्यातून नेतो. पुन्हा मोजतो, पुन्हा नेतो. काठावर उभे राहून 'विश्वास ठेव आणि उतर' असे तो कुठेच म्हणत नाही. आणि जिथे पाणी पार करता येण्यासारखे राहत नाही, तिथे तो संदेष्ट्याला ढकलत नाही. त्याने हे पाहिले ना एवढेच विचारतो आणि त्याला परत काठावर आणतो. काठावर दोन्ही बाजूंना झाडे असतात, त्यांची पाने औषधी असतात. आमच्या मुलीला कदाचित काही वर्षे त्या काठावरच्या झाडाखाली बसायची गरज असेल. तिला तिथे बसू द्यावे आणि शेजारी कोणीतरी बसावे.

तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे अजूनही नाही. आई प्रार्थना करत असताना पाणी का आले? आंबोलीला पडलेला पाऊस आमच्या गल्लीत कसा पोहोचतो हे आम्ही तिला दाखवले. ते उत्तर भूगोलाचे झाले. दुसऱ्या उत्तराची घाई आता आम्ही करत नाही. एवढे मात्र तिच्याबरोबर आठवतो, की त्या रात्री तिला खांद्यावर घेऊन कोणीतरी पाण्यातून चालले होते.

ती अजून पाण्यात उतरलेली नाही. रविवारी चर्चच्या दाराशी मात्र सगळ्यांसारखीच तीर्थपात्रात बोट बुडवते आणि क्रुसाची खूण करते. पूर्वीही करत असेल. आता आमचे तिकडे लक्ष जाते.

आपल्या घरात, वर्गात, शेजारी पाण्याला भिणारे कोणी असेल. ते पाणी नदीचेच असेल असे नाही. आजाराचे असेल, कर्जाचे असेल, परीक्षेचे किंवा एखाद्या जुन्या रात्रीचे असेल. त्याला विश्वासाचा धडा देण्याआधी आपण त्याच्या शेजारी जाऊन बसलो का, एवढे या आठवड्यात एकमेकांना विचारू या.

प्रार्थना करू या:

हे प्रभू येशू, बुडणाऱ्या पेत्राला तू आधी धरलेस आणि मग विचारलेस. आमच्या जिभेला थोडे थांबायला आणि हाताला लवकर पुढे व्हायला शिकव. तू सोपवलेली लेकरे मोजताना आमचे लक्ष ढळू देऊ नकोस. जी काठावर बसली आहेत त्यांच्या शेजारी आम्हाला बसव. आमच्या नदीकाठच्या सगळ्या घरांना येत्या पावसात सांभाळ. आमेन.